बाळसं, वजनकाटा आणि आपलं मैदान

(माजी विद्यार्थी मेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कम्प्युटरवाली, तू एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर बोलणारे गल्लोगल्ली भेटतात, मला लहान मुलांच्या वजनावर बोलायचं आहे. पलीकडे जरा शांतता पसरली. मग प्रश्न आला, "जेवणाआधी ठेवू का जेवणानंतर?" मी म्हटलं, नंतरच ठेवा. आधी ठेवलंत तर जिलेबी कोणी घेणार नाही, आणि आचाऱ्याचे शाप मला लागतील.

सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगते. पहिली, मी डॉक्टर नाही. मी इंजिनिअरिंग केलं आणि गेली बावीस-तेवीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते. त्यामुळे औषधपाण्याचं जे काही बोलेन ते आपल्याच बॅचच्या बालरोगतज्ज्ञ मित्राला आधी वाचायला दिलं होतं. त्याने तीन ठिकाणी लाल शाई मारली. त्या दुरुस्त्या करूनच उभी आहे. दुसरी गोष्ट, मी माझ्या मुलाबद्दल बोलणार आहे आणि त्याची परवानगी घेतली आहे. त्याच्या दोन अटी होत्या: नाव घ्यायचं नाही आणि फोटो दाखवायचा नाही. दोन्ही पाळते.

लॉकडाऊन लागलं तेव्हा तो साताठ वर्षांचा होता. शाळा पडद्यावर आली, सोसायटीतलं खेळणं बंद झालं, आणि आम्ही नवरा-बायको दोघंही दिवसभर कानाला हेडफोन लावून बसलेलो. मीटिंग चालू असताना त्याने गप्प बसावं म्हणून मी त्याच्या हातात बिस्किटांचा पुडा दिला आहे. एकदा-दोनदा नाही, शेकडो वेळा. तो गप्प बसायचा. माझं काम व्हायचं.

वजन वाढायला लागलं ते तेव्हापासून. पण आपल्याकडे मूल गुबगुबीत झालं की काळजी कोणी करत नाही, कौतुकच होतं. सासूबाई म्हणायच्या, "बाळसं आहे ते, उंची वाढली की उतरेल." शेजारच्या काकू म्हणायच्या, "खात्यापित्या घरचं पोर तसं दिसायला नको का?" मलाही ते ऐकायला बरं वाटायचं. पण बाळसं पाळण्यातल्या बाळाचं असतं. सहावीतल्या मुलाला बाळसं नसतं, एवढं साधं मला कळायला चार वर्षं लागली.

मध्येच एक गोष्ट झाली. त्याच्या मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा दिसायला लागला. मला वाटलं, नीट आंघोळ करत नाही. मी रोज त्याला बसवून मान घासायचे. उटणं झालं, बेसन झालं, लिंबू झालं. तो "आई, दुखतंय" म्हणायचा आणि मी ओरडायचे, "मळ किती साठलाय बघ." पुढे डॉक्टरांनी सांगितलं की तो मळ नव्हताच. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की ते जास्त जास्त इन्सुलिन तयार करतं, आणि त्याची खूण म्हणून मानेवर, काखेत त्वचा काळी आणि मखमलीसारखी जाड होते. म्हणजे आजाराची सूचना रोज माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मी सहा महिने ती पुसून काढायचा प्रयत्न करत होते. इथे बसलेल्या ज्या आया मुलांच्या माना घासत असतील, त्यांनी आजपासून ते थांबवा आणि मुलाला डॉक्टरांकडे घेऊन जा. बाकी भाषण विसरलात तरी चालेल.

शेवटी वजन खरंच खूप झालंय हे माझ्या लक्षात आलं, आणि माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. मी एक्सेल उघडलं. रोज सकाळी साडेसहाला वजन, शंभर ग्रॅमपर्यंत अचूक. कमी झालं तर हिरवा रंग, वाढलं तर लाल. त्याचा आलेख छापून फ्रिजवर लावला. पोळ्या मोजून, भात बंद, आणि तो एकटा पालेभाजी खात असताना आम्ही बाकीचे नेहमीचंच जेवत होतो.

पहिल्या तीन आठवड्यांत एक किलो उतरलं. मी ऑफिसात सांगत फिरले. पुढच्या महिन्यात दोन किलो वाढलं. मग गादीखाली वेफरच्या पाकिटांचे कागद सापडले, दप्तराच्या आतल्या कप्प्यात चॉकलेटच्या चांद्या सापडल्या. मी चिडले, तो रडला. आणि एका सकाळी माझ्या लक्षात आलं की हा उठल्यापासून काट्यावर उभा राहीपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही. विचारलं तर खाली मान घालून म्हणाला, "पाणी प्यायलं की लाल येतं." अकरा वर्षांचं पोर आकडा कमी दिसावा म्हणून तहान मारत होतं. त्या दिवशी मी फ्रिजवरचा कागद फाडला आणि दवाखान्याची वेळ घेतली.

डॉक्टरांनी बोलायला सुरुवात केली ती माझ्याशी नाही, त्याच्याशी. काय आवडतं, किती वाजता झोपतोस, रात्री घोरतोस का, चालताना गुडघा किंवा मांडीचा सांधा दुखतो का, शाळेत कोणी चिडवतं का. शेवटच्या प्रश्नाला त्याने उत्तर दिलं नाही. मग उंची, वजन, रक्तदाब झाला. मग त्यांनी खणातून सुतळी काढली, त्याच्या उंचीएवढी कापली, बरोबर निम्मी दुमडली आणि त्याच्या कमरेभोवती धरली. टोकं एकमेकांना पोचली नाहीत, चार बोटांचं अंतर राहिलं. "कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी," ते म्हणाले. "हे घरी कुणालाही करता येतं, मोठ्यांनासुद्धा." मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने पोट आत घेतलं.

उंची १४५ सेंटिमीटर, वजन ५२ किलो. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय येतो. त्याचा आला २४.७. मी म्हटलं, पंचविसाच्या आत आहे की. इथेच माझ्यासारखे अर्धवट जाणकार फसतात. मोठ्यांचे आकडे मुलांना लावायचे नसतात. मुलांचा बीएमआय वय आणि मुलगा की मुलगी हे बघून तक्त्यावर मांडावा लागतो. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी असे तक्ते दिले आहेत. त्यात मोठेपणीच्या २३ ला जाऊन मिळणारी रेघ जास्त वजनाची आणि २७ ला जाऊन मिळणारी लठ्ठपणाची आहे. माझा मुलगा दुसऱ्या रेघेच्याही वर होता.

आपल्यासाठी २३ आणि २७ का, पाश्चात्त्यांसारखे २५ आणि ३० का नाहीत, याचं उत्तर पुण्यातच सापडलेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. शेजारी शेजारी उभे असलेले दोन सडपातळ गृहस्थ. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचा अभ्यास त्यांच्या गटाने १९९३ पासून केला. ती बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपासची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच लहान. पण स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी राखून ठेवलेली. म्हणजे आपलं मूल दिसतं तेवढं बारीक नसतं, आणि जाड दिसायला लागतं तेव्हा आत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

मी नेहमीचा प्रश्न विचारला, "थायरॉइड असेल का?" डॉक्टर हसले. हार्मोनच्या बिघाडामुळे जाड होणारी मुलं बहुधा उंचीला खुंटलेली असतात. माझा मुलगा उंचीला चांगला होता. तरी तपासण्या केल्या. उपाशीपोटीची साखर काठावर. एसजीपीटी वाढलेलं. सोनोग्राफीत यकृतावर चरबी. आमच्या घरात दारूला कोणी शिवलेलं नाही, आणि अकरा वर्षांच्या मुलाच्या यकृतावर चरबी. परतताना गाडीत कोणीच काही बोललं नाही.

पण त्याआधी डॉक्टरांनी एक वाक्य सांगितलं, त्याने मला सावरलं. ते म्हणाले, "याचं वजन कमी करायचं नाही. थांबवायचं. उरलेलं काम त्याची उंची करेल." वाढत्या मुलाच्या बाबतीत ही मोठी सोय असते, आपल्याला ती नाही. उपास, पोळ्या मोजणं, पावडरी, काढे यांतलं काही नको. त्याने वाढच मारली जाते. वजन फारच जास्त असेल, दुखणी सुरू झाली असतील, तर गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये १२ वर्षांपुढे औषधांचा आणि १३ वर्षांपुढे काही मुलांसाठी शस्त्रक्रियेचासुद्धा विचार करावा असं सांगितलं आहे. पण तो तज्ज्ञांनी मूल तपासून घ्यायचा निर्णय आहे. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घ्यायचा नाही.

दुसरं वाक्य माझ्यासाठी होतं. "हे याच्या एकट्याचं पथ्य नाही. घराचं आहे." लिओनार्ड एपस्टाइन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकापासून यावर काम केलं. मुलाच्या सवयींबरोबर आई-वडिलांच्याही सवयी बदलायला लावल्या, तर दहा वर्षांनंतरही त्या मुलांचं वजन अधिक आटोक्यात राहिलेलं दिसलं. सिग्नलच्या दिव्यांसारखी अन्नाची लाल, पिवळी, हिरवी वाटणीही त्यांचीच. ती मला लगेच पटली. माझ्या एक्सेलमध्येही रंग होते, पण ते मी मुलाला दिले होते. द्यायला हवे होते डब्यांना.

मग आम्ही काय केलं? लांबलचक यादी नाही, चार-पाच गोष्टी आहेत.

पहिली, वजन महिन्यातून एकदा, दवाखान्यात. घरचा काटा माळ्यावर. त्याऐवजी मी घराचा हिशोब ठेवायला लागले. आम्हा चार माणसांना महिन्याला तेल किती लागतं? पाच लिटरचा डबा. माणशी अर्धा लिटर पुरे, असं आहारतज्ज्ञ सांगतात. म्हणजे दोन लिटर. तीन लिटर जास्तीचं तेल आम्ही दरमहा पोटात घालत होतो, आणि मी मुलाला विचारत होते, तू इतका का खातोस!

दुसरी, साखर पिणं बंद. ३०० मिलीलिटरच्या कोल्ड्रिंकमध्ये साधारण आठ चमचे साखर असते. आपण कुणाला आठ चमचे साखर वाटीत घालून खायला देऊ का? पण बाटलीतून देतो. फळांच्या रसाच्या खोक्यांचंही तेच. आणि दुधात घालायच्या त्या चॉकलेटी पावडरी, ज्या मी उंची वाढेल म्हणून चमचे भरभरून घालत होते, त्यांच्या डब्यावरचं बारीक अक्षर पहिल्यांदा वाचलं. २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितली, ते उगाच नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड, कारण ती सासूबाईंची होती. आजीचं प्रेम खाऊच्या डब्यातून येतं, आणि तो डबा बंद करणं म्हणजे आजीला रिटायर करणं. मी त्यांना काही सांगितलं नाही. डॉक्टरांकडे घेऊन गेले. सोनोग्राफीचा कागद त्यांनी स्वतः ऐकला. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मटकी भिजत घातलेली दिसली. आता चार वाजता कधी उसळ असते, कधी भाजणीचं थालीपीठ, कधी पेरू, आणि ताक. "घरचं आहे, खाऊ दे" हे वाक्य मात्र आम्ही दोघींनी मिळून सोडलं. चकली घरची असली तरी चकलीच असते. आणि "पानात टाकायचं नाही" हेही सोडलं. पोट भरलं असेल तर थांब, हे आम्ही त्याला शिकवतो आहोत. तुमच्या-माझ्यावरचे संस्कार याच्या अगदी उलट आहेत, त्यामुळे जीभ अजून अडखळते.

चौथी, झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि तेरा ते अठराच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, आणि ती काकडीची नसते, फरसाणाची असते. नऊ वाजता सगळे फोन दिवाणखान्यातल्या टोपलीत. सगळे म्हणजे माझासुद्धा. अमेरिकेतल्या टीमला माझ्या फोनविना जगता येतं, हा शोध मला पंचेचाळिसाव्या वर्षी लागला.

पाचवी, हालचाल. दिवसाला एक तास, दम लागेल अशी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी त्याला क्रिकेटच्या क्लासला घातलं, तो चार दिवसांत परत आला. बॅडमिंटनही नको म्हणाला. जिथे चार मुलं आपल्याकडे बघतात तिथे त्याला जायचंच नव्हतं. शेवटी रविवारी तळजाईच्या टेकडीवर जायला लागलो, चौघं. पहिल्या दिवशी तो तीनदा थांबला, मी पाचदा. माझ्यासाठी थांबावं लागतंय हे कळल्यावर त्याला फार बरं वाटलं. आता तो पुढे जातो आणि वर उभा राहून हात हलवतो.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मे महिन्यात आजोळी गेला आणि दोन किलो वाढवून आला. माझ्या आईने आमरसाचं पातेलं पुढ्यात ठेवून सगळी कसर भरून काढली होती. गणपती-दिवाळीत आम्ही मोदकही खाल्ले, करंज्याही खाल्ल्या. सणाला नाही खायचं तर कधी? गडबड सणामुळे होत नाही. आठवड्यातले सातही दिवस सण झाले, तिथे होते.

दीड वर्ष झालं. उंची १५५, वजन ५३ किलो. वजन एकच किलो वाढलं, उंची दहा सेंटिमीटर वाढली. बीएमआय २२ वर आला. एसजीपीटी जागेवर आलं आहे. मानेवरचा पट्टा फिका झाला आहे, न घासता. तो आजही वर्गातला सडपातळ मुलगा नाही, आणि कदाचित होणारही नाही. पण रात्री घोरत नाही, आणि पाणी हवं तेव्हा पितो.

आता मी ज्यासाठी हा विषय मागून घेतला, ते बोलते.

डॉक्टरांच्या त्या एका प्रश्नाचं उत्तर मला दोन महिन्यांनी मिळालं. टेकडीवर चालता चालता तो म्हणाला, "आई, मला वर्गात जेसीबी म्हणतात." मी विचारलं, कोण म्हणतं? "सगळेच. सगळे हसतात, म्हणून मी पण हसतो."

आणि मला एकदम आपला आठवीचा वर्ग दिसला. खिडकीकडची तिसरी रांग. आपल्या वर्गात एक मुलगी होती. तेव्हा गावात नव्या नव्या टमटम सुरू झाल्या होत्या. ती वर्गात शिरली की कोणीतरी ओरडायचं, "टमटम आली, बाजूला व्हा!" आणि सगळा वर्ग हसायचा. तीही हसायची. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हे आठवत असेल. ते नाव पहिल्यांदा फळ्यावर कोणी लिहिलं, हे कदाचित आठवत नसेल. मी लिहिलं.

गेल्या महिन्यात मी तिला फोन केला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत आम्ही बोललो नव्हतो. इकडचं तिकडचं झालं आणि मग मी म्हटलं, "अगं, ते नाव मी ठेवलं होतं." ती म्हणाली, "माहीत आहे मला. तुझंच अक्षर होतं." मग थोडं थांबून म्हणाली, "नावाचं काही नाही गं. पण आठवी ते दहावी खेळाच्या तासाला मी एकदाही मैदानावर आले नाही. बाईंना सांगायचे, पोटात दुखतंय, आणि ग्रंथालयात बसायचे. लंगडी मला इतकी आवडायची." मी रडायला लागले. तीच मला म्हणाली, "बोल तू यावर. माझं नाव घेऊ नकोस, पण बोल."

ती आज इथे, या सभागृहात आहे. जे मी सगळ्यांसमोर केलं होतं, त्याची माफी सगळ्यांसमोरच मागायला हवी. मी तुझी माफी मागते.

आपल्याला वाटतं, चिडवलं की लाज वाटेल आणि लाज वाटली की वजन कमी होईल. होतं उलटं. अमेरिकेत मिनेसोटामध्ये 'प्रोजेक्ट ईट' या अभ्यासात किशोरवयीन मुलामुलींचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. ज्यांना त्या वयात वजनावरून चिडवलं गेलं होतं, त्यांच्यात पंधरा वर्षांनी लठ्ठपणा जास्त आढळला. चिडवलेलं मूल मैदान सोडतं, कोपरा धरतं आणि लपून खातं. घरात "लग्न कसं होणार हिचं" हे ऐकणारी तेरा वर्षांची मुलगी जेवण सोडते, आणि मग भूक तिला सोडत नाही. माझ्या मुलाने गादीखाली लपवलेले ते कागद माझ्या लाल रंगाचं उत्तर होते.

हा प्रश्न चार सुखवस्तू घरांचा राहिलेला नाही. युनिसेफने २०२५ मध्ये सांगितलं की जगभरात ५ ते १९ वयोगटात लठ्ठ मुलांचं प्रमाण पहिल्यांदाच कमी वजनाच्या मुलांपेक्षा जास्त झालं आहे: ९.४ टक्के आणि ९.२ टक्के. आपल्या देशात तर दोन्ही मुलं एकाच बाकावर बसतात. एकाला पुरेसं मिळत नाही, दुसऱ्याला नको ते फार मिळतं, आणि पाच रुपयांची पाकिटं दोघांच्याही दप्तरात असतात.

म्हणून या मेळाव्यापुढे माझ्या तीन मागण्या आहेत. आपल्या बॅचने शाळेला द्यायला निधी जमवला आहे. डिजिटल फळा घ्यायचं ठरतंय असं ऐकलं. फळा जरूर घ्या. पण सकाळी मी मैदानावर जाऊन आले. निम्म्या मैदानावर गाड्या लागतात, आणि शाळा सुटली की फाटकाला कुलूप लागतं. आपण पाच ते सात तिथे पडीक असायचो. कोणी शिकवायला नव्हतं, फी नव्हती. माझी पहिली मागणी: रोज पाच ते सात फाटक उघडं राहू दे, गाड्या बाहेर लागू देत, आणि लक्ष ठेवायला एक माणूस नेमू. त्याचा पगार या निधीतून जाऊ दे. माझा वाटा त्यासाठीच धरा.

दुसरी: वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाची उंची आणि वजन घेतलं जावं, पण पडद्याआड. आपल्या वेळी वजन मोठ्याने सांगितलं जायचं आणि मॉनिटर वहीत लिहायचा. बाईंचा त्यात काही वाईट हेतू नव्हता, तेव्हाची ती पद्धतच होती. आता चिठ्ठी पाकिटात घालून पालकांना जाऊ दे. आपला डॉक्टर मित्र ते आकडे तक्त्यावर मांडून द्यायला तयार आहे.

तिसरी: शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत जास्त साखर, मीठ, तेलाचे पदार्थ मुलांना विकू नयेत, असा एफएसएसएआयचा २०२० चा नियम आहे. पण नियम दाखवून गाडीवाल्याला हाकलू नका. त्याच्या वडिलांकडून आपण बोरं आणि चिंचा उधारीवर खाल्लेल्या आहेत. मी त्याच्याशी बोलले. तो म्हणाला, "ताई, पोरं जे मागतात ते ठेवतो." त्याला आपण कणसं उकडायचं मोठं भांडं घेऊन देऊ. चणे, शेंगदाणे, पेरू, कणीस विकून त्याचं घर चालेल एवढं गिऱ्हाईक शिक्षक आणि पालकांनी मिळून करायचं. आणि केंद्रीय मंडळाच्या शाळांत २०२५ पासून साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं आहे. आपली शाळा राज्य मंडळाची आहे, पण फलक लावायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही. अक्षर माझं चांगलं आहे. या वेळी फळ्यावर काहीतरी बरं लिहीन.

कार्यक्रमपत्रिकेत चार वाजता मैदानावर लंगडीचा सामना लिहिला आहे. तिने नाव दिलंय, असं मला आत्ता कळलं. माझंही नाव लिहा. तिने घेतलं, तर मला तिच्याच बाजूने खेळायचं आहे.